अजानीआधीचा खोकला

खातूनबींनी तुपात घोळवलेला बेहडा चिमट्यात धरला आणि गॅसच्या बारीक आचेवर फिरवत राहिल्या. साल फुगून काळपट झाली तशी त्यांनी तो वरवंट्याने फोडला, बी बाजूला काढली आणि सालीचा गरम तुकडा मुलाच्या तोंडापुढे धरला.

“गालात ठेव. चावू नगंस. रस हळूहळू गिळायचा.”

नौशादने निमूट आ केला. दिघी रोडला स्वतःचं टू-व्हीलरचं गॅरेज, हाताखाली दोन माणसं, वय चौतीस. पण सकाळपासून आईसमोर त्याचं काही चालत नव्हतं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या होत्या, टॉवेल घेऊन वाफ झाली होती, ज्येष्ठमधाची काडी चघळून जिभेला गोडूस चव राहिली होती.

“सादिका कुठवर आली?” त्याने बायकोबद्दल गालातल्या गालात विचारलं.

“निघाली हाय बाळाला घेऊन दवाखान्यातनं. तू बोलू नगंस म्हनलं ना.”

खोकला महिन्याचा होता. सर्दी चार दिवसांत गेली, हा मात्र मागे राहिला. कोरडा, कफाचा पत्ता नाही, थंडीत किक मारून मारून चालू न होणाऱ्या गाडीसारखा नुसता ठसकत राहायचा. डॉक्टरांनी फोटो काढून बघितला होता. छाती साफ आहे, घशाची खवखव आहे, वेळ घेईल, मास्क लावून बाळाजवळ जायला हरकत नाही, असं त्यांनी काल सांगितलं. पण बाळ आठव्या महिन्यातच, पावणेदोन किलोचं जन्मलं होतं आणि अकरा दिवस काचेच्या पेटीत होतं. तिथे खोकणाऱ्या बापाला कोण आत सोडतं? नौशादने आपली लेक फक्त मोबाइलवर पाहिली होती.

आणि तिच्या कानात अजान अजून व्हायची होती. मूल जन्मलं की त्याच्या उजव्या कानात अजान द्यायची, जगातले पहिले शब्द त्याने तेच ऐकावेत, ही रीत. खातूनबींच्या भावाने, मामूंनी, जन्माच्या दिवशीच तोडगा काढला होता, सादिकाने फोन स्पीकरवर टाकावा, मी इकडून देतो. नौशाद हटून बसला.

“फोनवरून? गॅस सिलिंडर बुक करायचाय का, मामू? माझ्या लेकीच्या कानात पहिला आवाज माझा जाईल. समोर बसून देईन.”

मामू हसले होते. खातूनबी हसल्या नव्हत्या. अकरा दिवस पोरगी बिनअजानीची, हे त्यांच्या जिवाला लागून राहिलं होतं. आज असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर मामू येणार. तोवर नौशादला जमलं तर ठीक, नाहीतर अजान मामू देतील, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

तीन दिवस नौशादने गॅरेजचं शटर अर्धं ओढून सराव केला होता. सुरुवात छान जायची. मधल्या ‘हय्या अलस्सलाह’ला, ‘नमाजाकडे या’ म्हणताना, श्वास लांबवला की घशात बारीक काटा हलायचा आणि सगळं तिथेच अडायचं. प्रत्येक वेळी तिथेच. त्याला त्या काट्याचा मनापासून राग आला होता.

समोरच्या चतुराबाई सुंठ-गुळाच्या गोळ्या घेऊन आल्या. त्यांचे मालक तीस वर्षं फाउंड्रीत होते. धुळीच्या घशाला गूळ, यावर त्यांचा कायमचा विश्वास.

“ही एक धर तोंडात,” त्या म्हणाल्या. “आणि मध घेतला का?”

“घ्यायचा काय र्‍हायलाय!” खातूनबी म्हणाल्या. “पोरीच्या जिभेला लावायला आनला होता. डॉक्टर म्हनले, वर्षाच्या आत मध न्हाई द्यायचा. मग काय, बापच चाटतोय दोन दिस.”

चार वाजता सादिका आली. तिच्या भावाने पिशव्या दारात ठेवल्या. खातूनबींनी दृष्ट काढली, चतुराबाईंच्या बांगड्या वाजल्या, खाली कुणीतरी कचऱ्याच्या गाडीवर ओरडलं. कापडात गुंडाळलेली लेक जराही हलली नाही.

नौशादने चूळ भरली, तोंड, कोपरापर्यंत हात आणि पाय धुऊन वजू केला, मास्क लावला. मग तो सादिकाच्या पुढ्यात बसला आणि त्याने पहिल्यांदा लेकीला समोर पाहिलं.

तो पाहतच राहिला. कार्बोरेटरचे केसाएवढ्या भोकाचे जेट त्याने आयुष्यभर साफ केले होते, पण इतकं बारीक काम त्याने कुठे पाहिलं नव्हतं. बोटांना नखं होती, नखांना कडा होत्या. कानाची पाळी इतकी पातळ, की खिडकीचा उजेड आरपार लालसर दिसत होता. हे आपल्या घरात आलंय, यावर त्याचा विश्वास बसेना. त्याला एकदम भीती वाटली.

“अजान द्या ना,” सादिका हळू म्हणाली.

त्याने कानाशी वाकून सुरुवात केली. अगदी हलक्या आवाजात, एकेक शब्द जपून. ‘हय्या’ आलं, श्वास लांबला, आणि काटा हलला.

तो झटकन दाराकडे वळला, कोपरात तोंड खुपसून खोकला, थांबला, पुन्हा खोकला. डोळ्यांत पाणी आलं. खातूनबींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“मामूंना फोन लाव, अम्मी,” नौशाद वळून न बघता म्हणाला. “देऊ दे त्यांनाच.”

“थांबा. इकडे बघा,” सादिका म्हणाली.

लेकीचे डोळे उघडे होते. मान वळवायची ताकद नव्हती, पण नजर दाराच्या बाजूला ओढलेली होती. एक हात कापडाबाहेर आला होता आणि पाचही बोटं फाकली होती.

“तिकडे सिस्टर तळव्याला टिचक्या मारायच्या दूध पाजायला, तरी उठायची नाही,” सादिका म्हणाली. “ही पोटात होती ना, तेव्हा तुम्ही खोकलात की अशीच हलायची. तुमचं थांबलं की हिचं थांबायचं. रोज. तुम्हाला सांगितलं असतं तर हसला असता.”

नौशाद हसला नाही. तो गुडघ्यांवर सरकत परत तिच्यापाशी आला.

“पहिल्यापासनं म्हन आता,” खातूनबी म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता.

त्याने नकारार्थी मान हलवली आणि जिथे अडला होता तिथूनच पुढे सुरुवात केली. आवाज फाटका येत होता, दोनदा अडखळला, पण त्याने तो सावरायची घाई केली नाही. ती टक्क बघत होती. खातूनबींनी पदर डोक्यावर ओढून घेतला. चतुराबाई दारात हात जोडून उभ्या होत्या.

अजान संपली. लेकीचे डोळे पुन्हा मिटायला लागले.

घशात आता खवखव नव्हती. नौशादने सादिकाकडे पाहिलं, मग तोंड बाजूला वळवून तो हळूच, मुद्दाम, एकदा खोकला आणि लेकीकडे पाहत थांबला.