सात नंबरची कुंडी

रोपाच्या बुडाशी, मातीला चिकटून, चहाचा एक फुगलेला दाणा... हातातला कप सावरत हेलन खाली वाकली. दाणाच. खडा नव्हे, किडा नव्हे — चहा! आणि अकोले तालुक्यातल्या डोंगरमाथ्यावरून आणलेलं हे सात नंबरचं रोप, खाली बेलापूर गावच्या मे महिन्यातल्या उन्हात केव्हाच मरायला हवं होतं ते, माहेरी आल्यासारखं टवटवीत.

बाकीच्या कुंड्यांनी शहाण्यासारख्या माना टाकल्या होत्या. सगळ्यांना माती सारखी, पाणी मोजून सारखं. उंचावरच्या गारव्यात घडलेलं झाड खालच्या उन्हात तगतं का, आणि तगलंच तर त्याच्या जनुकांत वेगळं काय आहे — एवढाच तर तिच्या प्रबंधाचा प्रश्न. उत्तर काल सापडलं होतं. फोटो पाहून सरांनी चक्क 'शाब्बास' लिहिलं होतं, आज पान खुडून जनुकं वाचायला पुण्याला धाडायचं होतं, आणि ती कालपासून मनातल्या मनात सत्कार स्वीकारत होती...

"पप्पा, याला चहा कोण घालतं?"

गावच्याच साखर कारखान्यातून निवृत्त झालेले यशया बाजेवर बशी फुंकत बसले होते. "मीच की. उरल्याला घोट. डोंगरातलं लेकरू हाय, पावन्याला कोरडं ठिवत्यात व्हय? प्रार्थनेतबी नाव घेतो त्याचं."

प्रार्थनेचं एक वेळ चाललं असतं. पण चहा! पाणी, खत, वर साखर! हसावं की कपाळ बडवून घ्यावं... म्हणजे जनुकांनी काडीचंही काम केलं नव्हतं. आणि आपण? अकोल्याच्या पावसात, गळक्या खोलीत चार महिने काढले म्हणून विभागात केवढं कौतुक — हेलन मोठी चिवट! चिवट कसली, दर रविवारी एसटीनं भाकरी-चटणीचा डबा यायचा, आणि पोरगी घ्यायला येईस्तोवर डबा सोडायचा नाही अशी कंडक्टरला पप्पांची तंबी असायची. ते कुणी मोजलंच नव्हतं. तिनंसुद्धा. तिला एकदम पप्पांचा राग आला, आणि रडूही.

"मग सगळ्यांनाच का नाही घातला?"

"बशीत उरतो किती?" यशया ओशाळले. "आन् हेच लई मरतुकडं हुतं."

मोबाईल वाजू लागला. सर. सांगावं तर लागणारच होतं, पण सुरुवात कुठून करायची — बशीपासून? तिची नजर तीन नंबरवर गेली. पार मातीला टेकलेलं. शास्त्राच्या दृष्टीनं त्याचं मरण फार मोलाचं होतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, स्वतःच्याच अंगणात चोरासारखं, आणि कप तिरका केला.

"अगं, गार करून घाल," यशया म्हणाले.

मोबाईल वाजतच होता. हेलन कपात फुंकर घालत राहिली.