लॉर्नाच्या डॉक्टरेटची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. तोंड वाकडं करू नका. सिंहासन नसेन, पण एका बाईची डॉक्टरेट माझ्यावर बसून झाली आहे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका गावच्या इस्पितळात, गुडघे-खुबे बदललेल्या पेशंटच्या खोलीत मी नवीकोरी आले. पण बसतंय कोण? माझ्यावर कोट पडायचे, उशा पडायच्या. एकदा कुणी चीजचा डबा विसरून गेलं, तर आठवडाभर मी घमघमत होते.

लॉर्ना व्हँडेहाय ही तिथली पन्नाशीची नर्स. ती नर्सिंगमधली डॉक्टरेट करत होती. या पदवीला नुसता जाडजूड प्रबंध चालत नाही, वॉर्डात काहीतरी सुधारून दाखवावं लागतं. पेशंटनी उठून खुर्चीत बसून जेवायचं, म्हणजे छातीत कफ धरत नाही, हे लॉर्नानं दाखवायला घेतलं. झालं, तिची सगळी पदवी माझ्या गादीवर येऊन ठेपली.

पण पेशंट उठतील तर शपथ.

"ऑर्व्हिलकाका, चला, खुर्चीत बसून जेवू," लॉर्ना माझ्या खोलीतल्या पेशंटला म्हणायची.

"पोरी, जन्मभर गाईंची दुधं काढत बसलोय. आता पडू दे."

"अहो, न्यूमोनिया होईल."

"होऊ दे. मला ती खुर्ची आवडत नाही."

मला असा राग आला म्हणता! चार पाय असून उठून जाता येत नाही, हेच माझं दुखणं.

लॉर्नानं तक्ते लावले, व्याख्यानं दिली. प्राध्यापक म्हणाले, अजून दोन सिद्धांत वाचा. तिनं तेही वाचले. पेशंट पलंगावरच. पदवी हातची जाणार म्हणून बिचारी रडकुंडीला आली.

एका रविवारी दुपारी ती दमून, काकांचं ताट हातात घेऊनच माझ्यावर धपकन बसली. तिनं समोर बघितलं. माझं तोंड संडासाकडे होतं. दार सताड उघडं. आणि फुटबॉलची मॅच चालू असलेला टीव्ही माझ्या पाठीमागे.

"काका, आधी नाही का सांगायचं?"

"तू एवढी शिकलेली. मला वाटलं, जेवताना तिकडे बघणं हाही उपचारच असेल."

लॉर्नानं मला फिरवलं. काका उठले, बसले, जेवले आणि मॅचमधल्या पंचाला शिव्याही घातल्या. मग सगळ्या खोल्यांतल्या खुर्च्या फिरल्या आणि पेशंट उठून जेवायला बसू लागले. परीक्षकांनी विचारलं, "नेमकं काय केलंत?" ती म्हणाली, "खुर्चीत बसून बघितलं." परीक्षक हसले, पण पदवी दिली.

आता माझी गादी पार दबली आहे, उद्या मला भंगारात काढतील. नव्या खुर्च्या आल्यात, गुबगुबीत. मांडणाऱ्यांनी सगळ्यांची तोंडं संडासाकडे करून ठेवलीत. डॉक्टरीणबाई, मला निरोप नंतर द्या, आधी तिकडे जाऊन बसा.