मिनासच्या नावाचं जेवण

थिओफानो पहिल्यांदा आमच्या पेरामात, ग्रीसमधल्या या गोदीच्या गावात, आली तेव्हा म्हणाली, "आपल्याला गरिबी संपवायची आहे." मी म्हटलं, "संपव बाई, पण आधी हे कांदे चिर." पोरगी समाजकार्याची पदवी घेऊन घरी बसलेली, पण नखरे नव्हते. बसली चिरायला. डोळ्यांतून पाणी गाळत मला समजावत राहिली की दानधर्म वेगळा आणि चळवळ वेगळी. दानात एक देतो, दुसरा घेतो आणि दोघंही होते तिथेच राहतात. चळवळीत सगळे एका टेबलाला बसतात, सगळे राबतात आणि सगळे मिळून ठरवतात. मला पटलं. गोदीच्या फाटकाशी निम्मं आयुष्य खानावळ चालवलेली बाई मी. टेबलाला बसलेली माणसं काय काय करू शकतात ते मी बघितलं होतं. संप आधी माझ्याकडे घेवड्याच्या वाडग्यांवर ठरायचे, मग गोदीत व्हायचे.

आता गोदी जवळजवळ बंदच होती. जहाजं दुरुस्तीला दुसऱ्या देशांत जायला लागली आणि आमचे वेल्डर, रंगारी, क्रेनवाले घरी बसले. बोटींच्या रंगाचं एक दुकान बंद पडलं होतं, ते मालकाने आम्हाला वापरायला दिलं. बाजारातली उरलेली भाजी यायची, बेकरीवाला कालचा पाव द्यायचा, चर्चमधून घेवडा नि हरभरा. नाव ठेवलं 'एक टेबल'. नियम दोनच. जेवायचं ते इथे बसून, आणि आल्यावर हाताने काहीतरी काम करायचं.

कसला नियम नि कसलं काय. लोक कोटाखाली डबे लपवून यायचे, भरून घ्यायचे आणि भिंतीच्या कडेकडेने पसार व्हायचे. मी खवळायचे. "अहो, बसा की जरा. टेबल काय चावतंय?" तर म्हणायचे, "बहीण आजारी आहे, तिच्यासाठी नेतोय." त्या वर्षी पेरामातल्या झाडून सगळ्या बहिणी आजारी होत्या. शनिवारच्या सभेला थिओफानो, मी आणि रिकाम्या खुर्च्या.

"मावशी, ही तर धर्मादाय खानावळ झाली," थिओफानो म्हणायची. "रांगेत उभा असलेला माणूस बोलत नाही. आणि कोणी बोलतच नाही म्हटल्यावर बदलणार काय?"

तिला चळवळीची काळजी. माझा जीव मात्र एका माणसात अडकला होता. मिनास माझा कुंबारोस. माझ्या लग्नात आम्हा नवरा-बायकोच्या डोक्यावरचे मुकुट त्याने अदलाबदल केले होते, आणि हे नातं आम्ही सख्ख्या भावाइतकं मानतो. माझा नवरा गेला तेव्हा शवपेटीला पहिला खांदा त्याचाच होता. वेल्डर म्हणून गोदीत त्याचं नाव मोठं. आता टेकडीवरच्या पायऱ्या संपतात तिथे एकटाच राहायचा. बायको वारली, मुलगी जर्मनीत. माणूस असा सुकत चालला होता की कोट खुंटीला लटकवल्यासारखा त्याच्या अंगावर लटकायचा. हा हिवाळा तो काढेल की नाही, एवढंच माझ्या डोक्यात असायचं.

टेबलाला तर तो फिरकायचाच नाही. म्हणून मी भांडं भरून वर न्यायचे. आता शेजाऱ्याचं भांडं काही आम्ही रिकामं परत करत नाही. आधी भांड्यात अंगणातली लिंबं घालून आणायचा. लिंबं संपली तेव्हा डोंगरावरून खुडलेला ओवा आणला. मग तोही संपला असणार, कारण एके दिवशी त्याने दारच उघडलं नाही. आतून म्हणाला, "पोट भरलंय माझं, लुकिया. जा." मी दाराला लाथ घातली आणि भांडं घेऊन खाली आले. त्यानंतर रोज तेच.

नोव्हेंबर लागला आणि संत मिनासचा दिवस जवळ आला. ज्याचं नाव त्याचा सण. त्या दिवशी त्याचं दार उघडं, आमंत्रण नाही की काही नाही, आणि येईल त्याला त्याने खिलवायचं. एके काळी त्या दिवशी अर्धी गोदी मिनासच्या पायऱ्या चढायची. सळयांवर मांस भाजलं जायचं, पिंपातून वाईन काढली जायची, सारांतिस क्रेनवाला नाचता नाचता कुंड्या फोडायचा. गेली दोन वर्षं मात्र मिनास आदल्या दिवशीच सांगून ठेवायचा की मी सालामिनाला चुलत भावाकडे चाललोय. चाललाय कुठला. खिडक्या लावून आत बसून राहायचा. नावाचा सण आला की निम्मं गाव असंच चुलत भावाकडे जात होतं.

थिओफानोच्या डोक्यात आलं की त्या दिवशीचं जेवण मिनासच्या नावाने करायचं. मला तर ते इतकं आवडलं की मी तिचा मुकाच घेतला. नावाच्या सणाला जाऊन जेवण्यात कसली लाज? उलट गेलं नाही तर अपमान होतो. लोक बसतील आणि मिनासचं नावही राहील. आम्ही दोघी मिळून मागून-सवरून कोंबड्या आणल्या, बटाटे घालून भाजल्या. दाराशी फळा लावला: 'आज मिनासकडून सगळ्यांना.' त्याला विचारायचं मात्र दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

आणि लोक आले की हो. दाढ्या करून, इस्त्रीचे शर्ट घालून, बायका लिपस्टिक लावून. कोणाच्याही कोटाखाली डबा नव्हता. बसायला जागा पुरेना, तेव्हा रंगाचे डबे उलटे घालून बसले. सारांतिस ओरडून म्हणाला, "लुकिया, कोंबडी चांगली झालीय, म्हणजे नक्कीच तू केलेली नाहीस." सगळे हसले. वर्षभरात त्या दुकानात मी पहिल्यांदा हसणं ऐकलं.

तेवढ्यात मिनास दारात आला.

खालून जाणाऱ्या कोणीतरी त्याच्या खिडकीखाली ओरडून "जेवण झकास आहे रे, मिनास!" म्हटलं होतं. त्याने फळा वाचला, मग आम्हाला बघितलं.

"कोंबड्या मी आणल्या?" त्याने मला विचारलं.

"नाही."

"पाव मी आणला?"

"नाही रे. बस ना, तुझ्यासाठीच केलंय सगळं."

"मग मी यांना खिलवतोय म्हणजे काय करतोय, लुकिया? इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की मिनासच्या घरात मूठभर घेवडाही नाही."

"नाव तर तुझं आहे, कुंबारोस."

"नावच उरलंय माझ्याकडे," तो म्हणाला. "तेही तू मला न विचारता वाटून टाकलंस."

त्याने बाहीने फळा पुसला आणि निघून गेला. पावाचा तुकडाही तोडला नाही. सगळ्यांनी काटे खाली ठेवले. थिओफानोचा चेहरा पांढराफटक पडला. मला इतका राग आला होता की काय सांगू. स्वतःचाही आणि त्याचाही. नाकाने कांदे सोलतोय मेला, मर म्हणावं तिथेच वर, असं पुटपुटत मी मोठं भांडं घेतलं आणि त्यात कोंबडी भरायला लागले. रडतही होते.

सारांतिस उठून माझ्याजवळ आला. नेहमी टवाळक्या करणारा माणूस, पण आता हळू बोलला. "भांडं ठेव खाली. भांडं बघितलं की तो दार उघडत नाही."

"मग काय घेऊन जाऊ?"

"काही नको. सण आहे त्याचा. शुभेच्छा द्यायला जायचं. दारात आलेल्या पाहुण्याला तो घालवून देईल का?"

मी हात पुसले आणि निघाले. सारांतिस मागून आला, त्याच्यामागे त्याची बायको, त्यांच्यामागे थिओफानो, आणि बघता बघता सगळे. अर्धवट ताटं तशीच टाकून माणसं त्या पायऱ्या चढायला लागली. रिकाम्या हाताने त्याच्या दारी जाण्याची माझी ही कित्येक महिन्यांतली पहिली वेळ. हात कुठे ठेवावेत तेच मला कळेना.

दार वाजवलं. मिनासने उघडलं, आधी माझे हात बघितले, मग माझ्यामागे खालपर्यंत लागलेली माणसं.

"उदंड आयुष्य, मिनास," मी म्हटलं.

तो उभाच राहिला. मला वाटलं, लावतोय आता दार.

"माझ्याकडे पाणी आहे फक्त," तो म्हणाला.

"पाणीच पाहिजे," सारांतिस खालून म्हणाला. "इतक्या उंचावर राहतोस, घसा कोरडा पडला आमचा."

"या मग," मिनास म्हणाला. "आत या."

ग्लास चारच होते. तो भरून द्यायचा, पाहुणा शुभेच्छा देऊन पिऊन टाकायचा, तो ग्लास विसळून पुढच्याला भरायचा. कोणाला मदत करू देईना. मी उठले तर मलाही म्हणाला, "तू पाहुणी आहेस, बैस." माणसं अंगणात, कठड्यावर, पायऱ्यांवर बसली. मिनास सगळ्यांमधून ग्लास घेऊन फिरत होता, एकेकाला नावाने हाक मारून विचारत होता, मुलं कशी आहेत, गुडघा कसा आहे. खाली खाडीत फेरीबोटींचे दिवे लागले. सारांतिसची बायको म्हणाली, "दिवा लाव रे, मिनास. ग्लास सांडतोय अंधारात."

"दिवा नाही," मिनास म्हणाला.

"फ्यूज गेला का?"

"नाही. मार्चपासून वीज तोडलीय माझी."

मला, त्याच्या मानलेल्या बहिणीला, हे माहीत नव्हतं. रोज त्याच्या दाराशी उभी राहून मी एवढी बडबड करायचे आणि हे मला कधी कळलंच नाही. चेहरे दिसत नव्हते म्हणून असेल कदाचित, पायऱ्यांवरून सारांतिसचा आवाज आला.

"आमची ऑगस्टात तोडली."

"आमची ईस्टरच्या आधी," एक बाई म्हणाली.

"आमची परवा."

मग खालच्या पायरीवरून, तिच्याही खालून, कोणाकोणाचे आवाज येत राहिले. काही आवाज मला ओळखू येत होते, आजारी बहिणीवाले. थिओफानोने माझा दंड घट्ट धरला होता.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर मिनास म्हणाला, "उद्या सकाळी वीज कचेरीच्या दारात जाऊन बसू. सगळे. एकेकट्याला हाकलतात, एवढ्यांना कसं हाकलतील? माझ्याकडे जमा, इथूनच निघू."

सकाळी उजाडतानाच पायऱ्या भरल्या होत्या. मिनास दाढी करून, नवऱ्यामुलासारखा कोटाची बटणं लावून दारात उभा होता. खाली उतरताना तो माझ्या बाजूने चालत होता. मग त्याने विचारलं, "आज टेबलावर काय आहे?"

"कालची कोंबडी. रस्सा करीन. तुझ्यासाठी भांडं भरून ठेवते."

"भांडं नको," तो म्हणाला. "मी येऊन बसेन."