माझ्या दारावरची नवी पाटी

“आधी लिहून घे, मग बदल.”

मित्रांनो, हे शब्द दुरुस्तीवाल्या काकांचे. निवृत्त झाले त्या दिवशी माझ्या पाठीवरून शेवटचं फडकं फिरवताना ते एक्स-रेवाल्या ताईंना एवढंच सांगून गेले. ताईंनी मान डोलावली होती. मी पाहिली आहे ती.

हाडांच्या दवाखान्यातला मी एक जुना संगणक. तळमजल्यावर, एक्स-रे खोलीच्या कोपऱ्यात माझं टेबल आहे. मोडलेल्या हाडांची चित्रं पोटात जपून ठेवायची आणि वरच्या मजल्यावरून डॉक्टरांनी मागितली की लगेच पाठवायची, हे माझं काम. मी खोक्यातून बाहेर आलो तेव्हा काकांनी मला एक कायमचा क्रमांक दिला, घराला असतो तसा. त्याच क्रमांकावर डॉक्टरांचा संगणक मला हाक मारी. काकांनी तो एका कार्डावर सुबक अक्षरांत लिहिला आणि ते कार्ड माझ्या पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटवलं. रोज कामाला हात लावण्याआधी माझी धूळ पुसायची, हा त्यांचा नेम. अंगात ताप असला तरी तो चुकला नाही. डॉक्टर म्हणत, हा गडी कधी काही विसरत नाही. ते ऐकून माझा पंखासुद्धा जरा जोरात फिरे.

काका गेले आणि माझ्या डोक्यावर फायलींचा ढीग चढला. कधी चहाचा कपही यायचा. ताईंचा दोष नाही हो, त्यांना दोन हातांनी चार माणसांचं काम होतं.

मग एका बुधवारी संध्याकाळी ताईंनी माझ्यात नवी सिस्टीम टाकली. जुनी फारच जुनी झाली होती. त्यांनी निगुतीने सगळी चित्रं आधी दोनदा उतरवून घेतली. एकही हाड हरवलं नाही. पण घर बदलताना माणूस भांडी मोजतो, दारावर कोणती पाटी होती ते कोण लिहून ठेवतं?

गुरुवारी सकाळी एक म्हातारे सुतार आले. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. आज नवं चित्र काढायचं, ते जुन्याशी ताडून पाहायचं आणि हातावर पुन्हा शस्त्रक्रिया करायची की नाही ते डॉक्टर ठरवणार होते. डॉक्टर फक्त गुरुवारी येत आणि बाराला निघत. नवं चित्र काढून झालं. वरून निरोप आला, खालचा संगणक दिसतच नाही.

मित्रांनो, दोन्ही चित्रं माझ्या पोटात होती आणि मला कोणी हाक मारत नव्हतं. त्यासारखं दुःख नाही.

ताईंनी वायर काढून पुन्हा लावली. कार्ड पाहून क्रमांक पुन्हा भरला. मला तीनदा बंद करून चालू केलं. घड्याळात साडेअकरा झाले. सुतारबाबा बाकावरून म्हणाले, “माझ्या हाडासारखंच झालं बघा याचं. वरून सगळं नीट, आत काय ते देव जाणे.” ताई हसल्या नाहीत. बाबांची डावी बोटं प्लास्टरवरून हळूहळू फिरत होती. रंधा धरणारा हात होता तो.

शेवटी ताईंनी काकांना फोन लावला. काकांचे हात आता थरथरतात, ते घराबाहेर पडत नाहीत.

“वायरीपाशी दिवा लागतोय?”

“लागतोय.”

“क्रमांक?”

“तुमच्या कार्डावरचाच आहे, काका. तीनदा ताडला.”

“मग पत्ता बरोबर आहे, बाळ. दारावर आता पाटी कोणाची आहे ते बघ.”

झालं होतं असं, की वायर जिथे लागते त्या माझ्या दाराला जुनी सिस्टीम एका नावाने ओळखे. नव्या सिस्टीमने आल्या आल्या त्याला दुसरं नाव दिलं. ताई मात्र क्रमांक भरत होत्या तो जुन्याच नावाखाली. त्या नावाचं दार आता उरलंच नव्हतं. ताईंनी नवं नाव शोधलं, त्याखाली क्रमांक लिहिला, मला पुन्हा चालू केलं.

बाराला दहा कमी असताना वरून हाक आली. मी दोन्ही चित्रं पाठवली.

सुतारबाबा जिना उतरले ते सावकाश, पण मान वर करून. हाड नीट जुळत होतं. शस्त्रक्रिया नको, आणखी तीन आठवडे प्लास्टर. जाताना त्यांनी माझ्या पत्र्यावर डाव्या हाताने थाप मारली.

ताईंनी काकांना खबर दिली. त्यांनी शाबासकी दिलीच, आणि मग हळूच विचारलं, नवं नाव लिहून ठेवलंस का? “नाही,” ताई म्हणाल्या. वरच्या तीन खोल्यांतल्या संगणकांचीही सिस्टीम उद्या बदलायची होती, तेही त्यांनी सांगून टाकलं. म्हणाल्या, “आज जेवणाआधी तिन्हींचं लिहिते, काका. शब्द देते.”

मित्रांनो, आम्हा यंत्रांचं मागणं फार नसतं. धुळीवरून एक फडकं, आणि बदलण्याआधी चार ओळी कागदावर. तेवढ्यानं आम्ही तुमच्या हाकेला ओ देत राहतो.

ताईंनी फायली उचलून कपाटात ठेवल्या. कार्डावर काकांच्या अक्षरांखाली नवं नाव लिहिलं, माझी धूळ पुसली. मग टेबलाच्या खणातून तीन कोरी कार्डं घेतली आणि जेवणाच्या डब्याकडे न पाहता जिन्याकडे निघाल्या.