बेडकाचा खोकला

बसा जरा ऐसपैस. मेलेल्यांची गोष्ट सांगतो, पण भुताखेतांची नाही, हसायची आहे. मधे कुठे घसा दाटलाच, तर तो तुमचा तुम्ही सांभाळा.

दोघे भाऊ होते, थोरला आणि धाकटा. दुसऱ्यांच्या तोंडात आपला आवाज घालून पोट भरायचे. डबिंग म्हणतात त्याला. एक जपानी कार्टून होतं, मेल्यावर माणूस जातो तिथल्या कचेरीचं. लांबच लांब निळा बोळ, पायाखाली ढग, बाकांवर मेलेली माणसं नंबराची वाट बघत पेंगतायत. खिडकीत शिंगवाला राक्षस, दहा हजार वर्षांचा कारकून, महाआळशी. कुणी तक्रार केली की म्हणणार, "घाई कसली? मेलात ना आता?" त्याचा शिपाई म्हणजे एक जाडा बेडूक. थोरला राक्षस व्हायचा, धाकटा बेडूक.

धाकट्याला वाचता येत नव्हतं. अक्षरं म्हणजे त्याला मुंग्यांची रांग. पण कान असा, की एकदा ऐकलं की दगडावरची रेघ. थोरला घरी सगळा भाग वाचून दाखवायचा, दोघांच्याही ओळी, आणि धाकटा जसंच्या तसं उचलायचा. चाळीस भाग असे उरकले. स्टुडिओत कुणाला पत्ता नाही.

शेवटच्या भागाला थोरला दवाखान्यात. छातीचं दुखणं. पडल्या पडल्या त्याने फोनवर वाचून, आवाज भरून पाठवलं, आणि चौथ्या दिवशी गेला.

काम करून घेणाऱ्या बाईंनी राक्षसासाठी नवा माणूस बोलावला. त्यांचं तरी काय चुकलं? भाग पुरा व्हायला हवा. पण धाकट्याच्या जिवाला लागलं. त्या तोंडातून परका बोलणार, म्हणजे दादा दुसऱ्यांदा जाणार.

"मी नाही जात," तो वहिनीला म्हणाला.

"मग बेडूक मुका ठेवायचा का, भावोजी? जा गपचूप."

गेला. बाहेर भरदुपार, पण त्या खोलीत ना दिवस ना रात्र. भिंतींना गाद्या मारलेल्या, आपलाच श्वास दुसऱ्याचा वाटावा अशी शांतता. पडद्यावरचा निळा उजेड त्याच्या हातांवर सांडला होता. बोळ हळूहळू पुढे सरकत होता. धाकट्याला वाटलं, ढग गुडघ्यापर्यंत आलेत, आपण त्या बाकावर बसलोय, नंबर यायचाय, आणि पलीकडे खिडकीत कुणीतरी आपलं माणूस आहे. त्याने तोंड उघडलं.

"साहेब, बाहेर... खॉक्... गर्दी फार झालीय."

आवाज भरून घेणाऱ्या मशीनवाल्याने थांबवलं. "बेडकाला खोकला कधी झाला रे?"

"आहे ना तो त्यात."

"कशात?"

"ओळीत."

"माझ्या कागदात तर नाही."

पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच खोकला. पुढच्या ओळीत दोनदा, वर एक लांबलचक धाप. बाई आत आल्या. "अहो, कागद बघून बोला की."

धाकटा कागदाकडे बघत राहिला. मुंग्या काही बोलेनात. मग त्याने सांगून टाकलं, "मला वाचता येत नाही, बाई. दादाने फोनवर वाचलं तसं पाठ केलंय. मला वाटलं, खोकला जपान्यांनीच लिहिलाय."

मशीनवाला हसायला गेला आणि अर्ध्यावरच थांबला. "दादांनी वाचलेलं तुझ्याकडे आहे? राक्षसाचंही?"

"आहे की. आपल्या ओळी तो कशाला सोडेल?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीस, शहाण्या?"

"तो माझा अभ्यास होता. तुमच्या कामाचा असेल हे मला काय ठाऊक?"

फोन मशीनला जोडला. पडद्यावर राक्षसाने तोंड उघडलं आणि थोरला बोलला. आवाज बसलेला, पण ओठांचं माप बरोबर. चाळीस भागांत ते तोंड त्याच्या अंगवळणी पडलं होतं. दोन-चार शब्द मशीनवाल्याने सरकवले, एवढंच. मधेच राक्षस खोकला.

"हे काढता येईल," बाई म्हणाल्या.

"माझा खोकला काढा. त्याचा राहू दे," धाकटा म्हणाला. "दहा हजार वर्षं खिडकीत बसलाय, गार वारा बाधणारच."

बाईंनी मान डोलावली.

शेवटची ओळ उरली. राक्षस रजेवर निघतो, बोळाच्या टोकाला वळतो आणि बेडकाला काहीतरी सांगतो. फोनवर तिथे थोरला म्हणाला होता, "दमलो रे. ही ओळ उद्या वाचतो."

मग बाईंनी बाहेर बसलेल्या नव्या माणसाला बोलावलं. नवा कसला, याच धंद्यात केस पिकलेला. त्याने कागद बघितला, पडदा बघितला. शिंगवाल्याचं तोंड मुक्यानेच हललं. त्याने धाकट्याकडे एकदा पाहिलं.

"बाई, हे मला जमायचं नाही."

"एकच तर ओळ आहे."

"म्हणूनच."

ती ओळ कुणी बोललंच नाही. बेडकाचं उत्तरही फोनवर नव्हतं, म्हणून धाकटा आपल्याच मनाने म्हणाला, "बरं दादा." बाईंनी ते तसंच ठेवलं.

तुमच्या घरी कधी तो भाग लागला, तर निळ्या बोळात राक्षस वळेल, तोंड हलेल, आवाज यायचा नाही. पोरं म्हणतील, टीव्ही बिघडला. तेवढं एक करा माझ्यासाठी. रिमोटला हात लावू नका. त्याचं बोलून होऊ द्या.