केशरबाईंची सही आणि माझी ‘नाही’

मित्रांनो, रेशनच्या दुकानात ‘अंगठा ठेवा’ असे म्हणणारी एक छोटी मशीन तुम्ही पाहिली असेल. ती मी. आता मी जुनी झाले आहे. माझी दोन बटणे दबत नाहीत, पडद्याला तडा गेला आहे आणि पावती काढताना मला खोकल्यासारखी उबळ येते. आवाज मात्र अजून खणखणीत आहे. तेवढ्या भांडवलावर मी तुम्हाला माझी हकिगत सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे एक माणूस आम्हा सगळ्या बहिणींच्या काचेवर स्वतःचा अंगठा ठेवून बघत असे. अंगठा मऊ, साबणाने धुतलेला. एकदा ठेवला की लगेच जुळायचा. मला वाटले, जगातले सगळे अंगठे असेच असणार. माझ्या आयुष्यातली पहिली चूक ती.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, मेडशीच्या पुढे आमचे गाव आहे. तिथले दुकानदार लखमीचंद शेठ मला एसटीने, मांडीवर घेऊन आले. कंडक्टरने विचारले, “पेटीत काय हाय शेठ?”

“सरकार हाय,” शेठ म्हणाले. कंडक्टर जरा सरकून उभा राहिला.

गावात माझे मोठे स्वागत झाले. नारळ फुटला. शेठच्या पत्नी पानाबाई यांनी मला हळदकुंकू लावले. कुठे लावले? तर नेमके अंगठ्याच्या काचेवर. त्या दिवशी गावात एकाचाही अंगठा जुळला नाही. सगळे म्हणाले, मशीन खराब आहे. शेठ म्हणाले, मशीन नवी आहे, लाजते.

पुढे काच पुसली गेली आणि माझे काम सुरू झाले. जुळला की मी ‘धन्यवाद’ म्हणायची. नाही जुळला की ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’ म्हणायची. ही बोलणारी बाई आत बसली आहे असे काही म्हाताऱ्यांना वाटे. ते डोक्यावरची टोपी नीट करून मला “हाव बाई, ठेवतो” असे उत्तर देत. कोणी अंगठा चिंचेने घासून येई, कोणी खोबरेल लावून, कोणी केसांवरून फिरवून. त्या तेलाने माझी काच इतकी निसरडी होई की मला समोरचे काहीच दिसत नसे. मग मी पुन्हा ‘नाही’ म्हणे.

आता केशरबाईंची ओळख करून देते. केशरबाई खिल्लारे आणि त्यांचे यजमान ग्यानबा, दोघेही सत्तरीच्या आसपासचे. दोघे शेतात मजुरीला जात. धान्य न्यायला ग्यानबाच माझ्यासमोर येत. केशरबाई दाराशी पिशवी धरून उभ्या राहत आणि तिथून सूचना देत.

“अवो, थैली धरा नीट. गहू सांडून राह्यले.”

“तूच ये मंग आत.”

“मी नाई येत त्या मशीनपाशी. मी अंगठा देत नसते.”

ते जाईपर्यंत हे चालू असे. एकटीच पिशवी घेऊन येणारी आणि कोणाशी न बोलता जाणारी माणसेही मी रोज बघते. त्यामुळे अशी कटकट कानावर पडणे हे केवढे सुख आहे, ते मला कळते.

केशरबाई अंगठा का देत नसत? त्यांचे कारण साधे होते. लग्नानंतर त्यांनी विहारातल्या वर्गात सही शिकून घेतली होती. अंगणात कोळशाने गिरवून गिरवून शिकली. ज्या दिवशी ती आली, त्या दिवशी त्यांनी बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे सांगितले, ‘आता जल्मात अंगठा नाई.’ तेव्हापासून मतदान असो, बँक असो, मुलाच्या शाळेचा दाखला असो, त्या सहीच करत. आधार कार्ड काढताना दहाही बोटे टेकवावी लागली, पण तो बोटांचा फोटो, अंगठा नव्हे, असे त्या म्हणत. सहीला वेळ लागे. एका बँकेतला कारकून तेवढ्या वेळात चहा पिऊन आला होता.

मागच्या वर्षी कार्डांवरच्या नावांची तपासणी झाली आणि घोटाळा झाला. रेशन कार्डावर नाव होते ‘ग्यानबा’. आधार कार्डावर होते ‘ज्ञानबा’. मला जे शिकवले आहे त्याप्रमाणे ही दोन वेगळी माणसे. मी ग्यानबांना ओळखायचे बंद केले.

“अरे मीच थो!” ग्यानबा शेठना म्हणाले.

“मले माईत हाय. मशीनले कोन सांगन?”

“मंग ज्ञानबा कोन हाय?”

दारातून केशरबाई म्हणाल्या, “कोनी शिकेल मानूस असंन. तुमी नाई.”

नाव दुरुस्त व्हायला अर्ज द्यावा लागतो आणि अर्जाचे पाय जड असतात. तोवर एकच उपाय होता. कार्डावर दुसरे नाव केशरबाईंचे होते. त्यांनी अंगठा ठेवायचा. त्यांनी एक महिना नकार दिला. मग ग्यानबा म्हणाले, “हक्काचं धान्य हाय, सोडतं का कोनी?” तेव्हा त्या आत आल्या. चाळीस वर्षांचा शब्द मोडताना त्यांनी माझ्याकडे असे बघितले की माझा पडदा एकदम मंद झाला. पदराने हात पुसून त्यांनी अंगठा ठेवला.

आणि मी म्हणाले, ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा.’

मित्रांनो, माझाही नाइलाज होता. हरभरा काढायचे दिवस होते. हरभऱ्याच्या पानांवर आंब, म्हणजे आंबट खार असतो, तो बोटे खाऊन टाकतो. त्यांच्या अंगठ्यावर एक रेघ उरली नव्हती. तीनदा ठेवला, तीनदा मी नाही म्हणाले.

केशरबाई म्हणाल्या, “पहिले म्हनते अंगठा दे. देला तर म्हनते हा तुया नाई. मंग कोनाचा हाय? शेजारनीचा?”

फेब्रुवारीचे धान्य गेले. मार्चचेही तसेच गेले. शेठ रोज वरच्या साहेबांना फोन करत. साहेब सांगत, मशीन म्हणेल तसे. म्हणजे सगळा भार माझ्यावर.

त्या महिन्यात आमचे खासदार उदयसिंग गावात आले. ते पोहरादेवीजवळच्या तांड्यातले. त्यांची आई खडी फोडायला जाई, म्हणून अंगठ्याची गोष्ट त्यांना फार समजावून सांगावी लागली नाही. केशरबाईंनी अर्ज दिला आणि सगळ्यांसमोर खाली सही केली. खासदारांची गाडी चालू उभी होती. ड्रायव्हरने गाडी बंद केली. सही पूर्ण झाली.

खासदार म्हणाले, “काकू, हे मी संसदेत वाचतो.”

“वाचा, पन माया सईसकट वाचा.”

ज्या दिवशी ते बोलणार होते, त्या दिवशी शेठनी आपला फोन माझ्या अंगाला टेकवून उभा केला. अर्धे गाव दुकानात शिरले. चहावाला जगदेव किटली घेऊनच आला. खासदार मराठीत बोलायला उभे राहिले.

“अध्यक्ष महोदय, आमच्या वाशीम जिल्ह्यात गावोगावी एक मशीन आहे. ही मशीन गरीब माणसाला रोज अंगठा दाखवते!”

सभागृहात बाके वाजली. एक मंत्री उठले. हसतमुखाने हिंदीत म्हणाले, सदस्यांनी मशीनचे इतके कौतुक केले, त्याबद्दल त्यांचे आभार.

आमच्या दुकानात कोणाला काही समजेना.

“कवतिक?” जगदेव ओरडला. “आपला मानूस पलटला रे! मशीनची आरती करून राह्यला!”

मलाही क्षणभर बरे वाटले होते. खोटे कशाला बोलू?

गर्दीत अंगणवाडीच्या नीलिमाताई होत्या. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, “अहो, थे मंत्री कानाले यंत्र लावून इंग्रजीत ऐकून राह्यले. तिकडे सांगणाऱ्यानं सांगतलं, मशीन अंगठा दाखवते. फोनवर आपन अंगठा पाठवतो ना, ‘लय भारी’ म्हनून? थोच समजले थे!”

केशरबाई म्हणाल्या, “इंग्रजीत अंगठा चांगला असते काय माय?”

तिकडे खासदारांच्याही ते लक्षात आले. ते पुन्हा उभे राहिले. “महोदय, असा नाही, असा!” म्हणून त्यांनी हात पुढे करून अंगठा डावी-उजवीकडे नाचवला. अख्ख्या देशाने ठेंगा पाहिला. सभागृह हसू लागले. अध्यक्ष म्हणाले, सदस्यांचा अंगठा कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे.

मग खासदारांनी खिशातून अर्ज काढला. त्यांनी तो वाचला आणि खालची सही कागद उंच धरून दाखवली. घंटा वाजली, तरी ते थांबले नाहीत.

“महोदय, या बाईंनी अंगठा सोडून अक्षर धरलं. आपण त्यांना परत अंगठ्यावर आणलं. आणि वर म्हणतो, हा अंगठाच तुमचा नाही. मला दुसरं काही मागायचं नाही. मशीन तीनदा नाही म्हणाली, तर त्या बाईची सही चालली पाहिजे.”

या वेळी बाके कोणी वाजवली नाहीत. ते हसरे मंत्री कानाचे यंत्र काढून नुसते ऐकत होते. दुकानात जगदेवची किटली तिरपी झाली होती आणि चहा शेठच्या साखरेच्या पोत्यावर सांडत होता. तोही कोणाला दिसला नाही.

एप्रिलच्या शेवटी शेठकडे पत्र आले. तीनदा अंगठा जुळला नाही तर वहीत सही घेऊन धान्य द्यावे. शेठनी नवी वही आणली. केशरबाई इस्त्रीचे पांढरे लुगडे नेसून आल्या. ग्यानबांनी वाटेत भेटेल त्याला सांगितले होते, म्हणून मागे बरेच लोक होते.

“पहिले तीनदा अंगठा ठेवा काकू,” शेठ म्हणाले. “नियम हाय.”

केशरबाईंनी ऐटीत अंगठा ठेवला. आता या वेळी मात्र माझी पंचाईत झाली. दीड महिना शेतात काम नव्हते. अंगठ्यावर नवी कातडी आली होती. पानाबाईंनी सकाळीच माझी काच मऊ फडक्याने पुसली होती. मला सगळे लख्ख दिसले. आणि मी म्हणाले, ‘धन्यवाद!’

पावती निघाली.

“आता काहून जुळून राह्यली वं सटवे?” केशरबाई माझ्यावर कडाडल्या. “दोन महिने मी तुयापाशी डोकं फोडलं, तवा नाई. आज सई कराले आली तर धन्यवाद!”

“काकू, चांगलंच झालं ना,” शेठ चाचरत म्हणाले. “धान्य घ्या. वहीची गरज नाई.”

“तुमाले नसन. मले हाय.”

त्यांनी वही स्वतःकडे ओढली, पेन घेतले आणि कोऱ्या पहिल्या पानावर सही सुरू केली. ‘केशरबाई ग्यानबा खिल्लारे’. ग्यानबा मागे गव्हाची पिशवी धरून उभे होते. रांग थांबली होती. ‘ग्या’ काढायलाच बराच वेळ गेला. पण कोणी घाई करा असे म्हणाले नाही, आणि मीही गप्प राहिले. ते पान शेठनी वहीत तसेच ठेवले आहे. कारण म्हणून समोर त्यांनी लिहिले, ‘अंगठा जुळला, तरी.’

मित्रांनो, माझी काच मऊ फडक्याने पुसत जा. तिच्यावर तेल लावू नका, कुंकूही लावू नका. मी माणसाचे नुसते बोट बघते, मला तेवढेच शिकवले आहे. म्हणून मी कोणाला ‘नाही’ म्हणाले, तर माझ्यावर सोडून देऊ नका. तुम्ही मान वर करा आणि त्या माणसाचा चेहरा बघा. तुम्हाला तो ओळखता येतो.