पायाचा गुण

राजेश्वरीनं बूट पायरीवर टेकवला आणि उजवी टाच आत ढकलून पाहिली. अर्धी गेली. तेवढ्यात कमरेतून सुटलेली कळ मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून थेट करंगळीत उतरली. तिनं चौकट धरली. बुटाची नाडी तशीच लोंबत राहिली. वाकणं तर लांबची गोष्ट.

साडेसहा वाजत आले होते. तिसगावच्या स्टँडवरून सातची जीप चुकली, की पाथर्डी डेपोतली ड्यूटी चुकलीच. सायटिकानं चार महिन्यांत तिच्या सगळ्या रजा खाल्ल्या होत्या. नगरच्या डॉक्टरांनी फोटोतली दबलेली शीर दाखवून सांगितलं होतं, फार वेळ उभं राहू नका. कंडक्टरनं उभं न राहता तिकिटं कशी द्यायची, ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

ती ओसरीतल्या सतरंजीवर हळूच पालथी झाली. पाच मिनिटं, फक्त पाच. डोळा मात्र घड्याळावरच.

"डाक्टर झाला, गोळ्या झाल्या, पट्टा झाला," आतून सासूबाईंचा, साळूबाईंचा आवाज आला. "आन् घरातलं औषध घरातच लोळतंय."

"आत्याबाई, त्यावर बोलायचं नाही असं ठरलंय."

"म्या कुठं बोलतीय? म्या च्या गाळतीय."

औषध म्हणजे निकिता, सहा वर्षांची. जन्मताना ती पायाकडून आली होती, पायाळू. अशा लेकरानं तीनदा पाय लावला की भरलेली उसण उतरते, म्हणून दर रविवारी कोणी ना कोणी या ओसरीवर येऊन पालथं पडायचं. साळूबाईंना त्याचा कोण अभिमान. मग दिवाळीच्या आधी बिभीषण टेलर येऊन गेला. त्याची पाठ काही उतरली नाही. "पोरीच्या पायात आता दम न्हाई राह्यला," तो चारचौघांत हसत म्हणाला, आणि ते निकितानं ऐकलं. संध्याकाळी राजेश्वरीला ती मोरीत सापडली. वजरीनं तळपाय घासघासून लाल केलेला.

"मम्मी, माझा पाय खराब झालाय का?"

त्या दिवसापासून राजेश्वरीनं ओसरी बंद केली. आलेल्याला दारातूनच परत लावायचं.

आत्ता मोरीत पाणी वाजलं. तिनं मान वळवली. निकिता एका पायावर उभी होती. दुसरा, ओला, जमिनीला लागू नये म्हणून वर धरलेला.

"मी साबण लावलाय," ती म्हणाली. "दोनदा."

नको, हा शब्द राजेश्वरीच्या ओठांवर आला होता. पण नको म्हटलं तर पोर काय समजेल, ते तिला ठाऊक होतं. तिनं तोंड सतरंजीत खुपसलं.

गार, हलका पाय कमरेवर टेकला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा जरा जोरात.

"गेलं?"

"गेलं."

"मग वाकून दाखव."

राजेश्वरी उठली. चौकट न धरता पायरीपर्यंत गेली, बुटात टाच घातली आणि नाडीसाठी वाकली. डोळ्यांपुढचं अंगण पांढरं झालं. गाठ नीट बसली नाही, म्हणून तिनं सोडून पुन्हा बांधली.

"बघ," ती खाली मान घालूनच म्हणाली.

वर पाहिलं तर साळूबाई हातात गाळणी घेऊन दारात उभ्या. त्या बुटाकडे बघत नव्हत्या. राजेश्वरीच्या वरच्या ओठावर ऐन थंडीत फुटलेल्या घामाकडे बघत होत्या. निकिता आपल्या पायाकडे बघत होती, वर्गात पहिला नंबर आल्यासारखी.

राजेश्वरीनं डब्याची पिशवी खांद्याला लावली आणि निघाली. ताठ. निकिता उंबऱ्यावर उभी राहून बघत होती. पलीकडच्या अंगणात गहिनीनाथ कमरेवर हात ठेवून दात घासत होते.

"काय गं सूनबाई, काल तर लंगडत हुतीस. पोरीनं पाय लावला व्हय?" त्यांनी घाईनं चूळ भरली. "थांब, मी बी येतो. तीन दिस झालं, उठवत न्हाई."

राजेश्वरी जागच्या जागी थांबली. नाही म्हणावं तर मागं पोर ऐकतेय. हो म्हणावं तर उद्यापासून ओसरी पुन्हा भरणार, आणि परत एखादा बिभीषण निघणार.

"आता जमायचं न्हाई, गहिनीनाथ." डोक्यावरचा पदर सारखा करत साळूबाई अंगणात उतरल्या होत्या. "घरच्या मान्साला पाय लावला की गुण सरतो. समदा सूनबाईला लागला."

"आसं कुठं आसतं, वैनी?"

"आसतं. आमच्या म्हायेरी, खर्ड्याला, शेंबडं पोर बी सांगंल."

"आजी, सगळा सरला?" निकितानं उंबऱ्यावरून विचारलं.

"सरला, बाई. चांगल्या कामाला लागला. आता त्या पायानं शाळंत पळ."

निकिता क्षणभर विचार करत उभी राहिली. मग तिनं दोन्ही पायांनी उंबऱ्यावरून उडी मारली आणि गोठ्यात धार काढणाऱ्या बापाला सांगायला पळाली.

साळूबाईंनी राजेश्वरीच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली. दोघी वळणापर्यंत आल्या. असला नियम राजेश्वरीनं या घरात आठ वर्षांत कधी ऐकला नव्हता.

घर दिसेनासं झालं. साळूबाईंनी एकदा मागं वळून खात्री केली आणि तिच्यापुढं हात केला.

"लंगड आता," त्या म्हणाल्या.